पाटसकरांचा पाचवा ‘का’

हृषिकेश पाटसकर यांना संशय घेण्याचा पगार मिळतो. श्टुटगार्टच्या उत्तरेला गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग करणारा एक कारखाना आहे, तिथे ते क्वालिटी खात्यात आहेत. समोर आलेला प्रत्येक भाग सदोष आहे असं धरून चालायचं आणि आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करायची जबाबदारी त्या भागावरच टाकायची, हे त्यांचं काम. पुणं सोडल्यापासून ते हेच करत आले आहेत. इतकी वर्षं एकच काम केलं की ते संध्याकाळी माणसाच्या मागोमाग घरी येतं आणि बूट काढून सोफ्यावर बसतं. दह्याच्या डब्यावरची तारीख पाटसकर वाचतात, मग वास घेतात, मग पुन्हा तारीख वाचतात. मराठी मंडळाच्या पॉटलकला कुणी ‘घरी केलंय’ म्हणून श्रीखंड आणलं, तर ते पहिला घास तोंडात घोळवत आणणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहतात. अशा वेळी चेहरे आपोआप गुन्हेगारासारखे होतात.

त्यांच्या धंद्यात एक पद्धत आहे. दोष सापडला की ‘का?’ असं पाच वेळा विचारायचं. बोल्ट ढिला का राहिला? पाना नीट बसला नाही म्हणून. पाना का बसला नाही? असं करत पाचव्या उत्तरापर्यंत उतरायचं, तळाशी खरं कारण बसलेलं असतं. पाटसकर नव्या इंजिनिअरांना हे शिकवतात. ‘तिसऱ्या का-शी थांबतो तो आळशी,’ असं त्यांचं एक वाक्य आहे. ते वाक्य त्यांनी स्वतः किती पाळलं, त्याची ही हकिगत.

अशा माणसाला छंद लागला तो हॅम रेडिओचा. म्हणजे रीतसर परीक्षा देऊन सरकारकडून परवाना घ्यायचा, घरात स्वतःचं रेडिओ स्टेशन मांडायचं आणि जगातल्या कुणा अनोळखी माणसाला गाठायचं. गाठून काय बोलायचं? तर, तुझं मला ऐकू येतंय, माझं तुला येतंय का? येत असेल तर आभार. झालं. दोघांनी एकमेकांची नोंद ताडून बघितल्याशिवाय हे बोलणं झालं असं धरत नाहीत. या शेवटच्या नियमामुळेच पाटसकर या छंदात पडले असावेत. लग्नसमारंभातसुद्धा इतकी खात्री करून घेत नाहीत.

त्यातही त्यांचा जीव जडला तो एका म्हाताऱ्या उपग्रहावर. ऑस्कर सात हे त्याचं नाव. हौशी लोकांनी हौशी लोकांसाठी बनवलेला हा उपग्रह १९७४ साली वर गेला, काही वर्षांनी त्याची बॅटरी गेली, आणि सगळ्यांनी त्याला मेला म्हणून सोडून दिलं. मग २००२ साली तो आपला आपण पुन्हा बोलू लागला. तेव्हापासून तो नुसत्या उन्हावर चालतो. ऊन पडलं की जागा, सावलीत गेला की गप. पाटसकरांनी हे वाचलं तेव्हा त्यांना आधी खोटंच वाटलं. मग त्यांनी तो ऐकला. यंत्रातून आलेली ती बारीक शीळ ऐकून या माणसाला चक्क भरून आलं, असं त्यांची बायको ऊर्मिला सांगते. ‘माझ्या बाळंतपणात असा चेहरा नव्हता त्याचा,’ हेही सांगते.

या उपग्रहाच्या पाठीवरून त्यांना पुण्याला पोचायचं होतं. पुण्यात उत्कर्ष हर्डीकर आहे, पाटसकरांचा हॉस्टेलमधला रूम पार्टनर. त्याच्याकडेही परवाना आहे, आणि हातात धरायची एक अँटेना, जी घेऊन तो बोपदेव घाटाच्या माथ्यावर जाऊन उभा राहतो. श्टुटगार्ट आणि पुणं ही दोन्ही गावं उपग्रहाला एकदम दिसतात ती जेमतेम काही मिनिटं, आणि तेव्हा तो दोन्हीकडे क्षितिजाला टेकलेला असतो. म्हणून बोलायचं तेही मोर्समध्ये, नुसत्या पीप-पीपमध्ये. इतक्या लांबून आवाज टिकत नाही, ठोके टिकतात.

‘अरे, पण रोज सकाळी त्याला व्हॉट्सअॅपवर फूल पाठवतोस,’ ऊर्मिला म्हणाली. ‘परवा दोघं तासभर व्हिडिओवर गुडघेदुखीवर बोललात. मग आभाळातून वेगळं काय सांगायचंय?’

‘सांगायचं काही नाहीये.’

‘मग?’

‘पोचायचंय.’

ऊर्मिलाने यावर विचार केला आणि कुकर लावला.

पाटसकर राहतात श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात, सहा फ्लॅटच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. बाल्कनीतून पूर्वेकडे बघितलं की समोरची घरं आडवी येतात, म्हणून अँटेना छपरावर हवी. छप्पर सगळ्यांच्या मालकीचं, म्हणून सगळ्या मालकांची सभा हवी. या सभेला जर्मनमध्ये जो शब्द आहे तो म्हणून होईपर्यंत कोरम पुरा होतो. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तिथे ठराव झाला तो असा, की पाटसकरांनी अँटेना एक वर्ष लावून बघावी, पुढच्या सभेत मतं घ्यावीत, आणि कुणाची तक्रार असेल तर उतरवावी. अँटेना म्हणजे माशाच्या काट्यासारख्या दोन दांड्या, आणि त्या उपग्रहामागे आपोआप फिरवणारी एक मोटर. पाटसकरांनी पहारा द्यावा तसं उभं राहून ती बसवून घेतली. छपरावरच्या माणसाने घट्ट केलेला प्रत्येक नट त्यांनी स्वतः पुन्हा घट्ट करून पाहिला. तो माणूस स्वाबियन, म्हणजे अस्सल इथला काटेकोर गडी होता. त्याने पाटसकरांनी घट्ट केलेला प्रत्येक नट पुन्हा घट्ट करून पाहिला.

ठरावाच्या वेळी ‘कुणाची तक्रार असेल तर’ असं म्हणताना सगळ्यांनी एकाच बाजूला बघितलं होतं. तिकडे फ्राऊ बॉयर्ले बसल्या होत्या.

फ्राऊ बॉयर्ले सर्वांत वरच्या मजल्यावर, थेट छपराखाली राहतात. ट्राममध्ये तिकीट तपासण्यात त्यांचा जन्म गेला. बिनतिकीट माणूस त्यांना म्हणे मागून, मानेवरून ओळखता येत असे. निवृत्त झाल्यावर मानांचा पुरवठा आटला, तेव्हा त्यांनी इमारतीवर लक्ष द्यायला सुरुवात केली. इथे प्रत्येक घराला पाळीपाळीने जिना झाडावा-पुसावा लागतो. झाडण्याच्या त्या आठवड्याला केरवोख म्हणतात, हे मराठी माणसाला वेगळं समजावावं लागत नाही. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. आणि जिना झाला की फ्राऊ बॉयर्ले खाली येताना कठड्यावरून एक बोट फिरवत येतात. बोट उजेडात धरून बघतात. बोलत काही नाहीत.

अँटेना लागल्यापासून त्या पाटसकरांना जिन्यात गाठू लागल्या. इथे श्रीमतीला फ्राऊ म्हणतात आणि श्रीयुताला हेर.

‘हेर पाटसकर, ती वस्तू आज माझ्या खिडकीकडे बघत होती.’

‘ती उपग्रहाकडे बघते, फ्राऊ बॉयर्ले.’

‘माझ्या खिडकीत उपग्रह नाही.’

‘तो क्षितिजावर असतो. तुमची खिडकी मध्ये येते.’

‘गेनाऊ,’ त्या म्हणाल्या. ‘हेच म्हणते मी.’

आपल्या लोकांमध्येही फार वेगळी स्थिती नव्हती. मंडळात अशी हवा होती, की एवढ्या तारा कुणी उगाच लावत नाही. एक जण म्हणाला, टॅक्स वाचवायची काहीतरी भानगड असणार. दुसऱ्याने नुसतीच भुवई वर केली. मुलगी अवनी, वय चौदा, हिने बापाला छपराखालच्या जिन्यात हेडफोन लावून डोळे मिटून बसलेलं शाळेतल्या मैत्रिणीसमोर पाहिलं आणि ‘पापा, पाइनलिश!’ म्हणजे लाज आणलीस, एवढंच बोलून ती आठवडाभर त्यांच्यापासून चार पावलं पुढे चालू लागली.

मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला ऊर्मिलाने हौसेने तेलाची मोठी समई लावली, धूप घातला, कापूर पेटवला, आणि आरतीच्या दुसऱ्या कडव्याला छताला लावलेला धुराचा अलार्म बोंबलू लागला. इथे प्रत्येक घरात तो कायद्याने असतो आणि कापूर व आग यांतला फरक त्याला कळत नाही. पाटसकर स्टुलावर चढून तो बंद करतात न करतात तोच खाली बंब येऊन उभा राहिला. फ्राऊ बॉयर्ले यांनी फोन केला होता. शिरस्त्राणं घातलेली चार धिप्पाड माणसं घरात शिरली, लक्ष्मीसमोर थबकली. त्यांनी बूट काढले नाहीत, चकल्या मात्र घेतल्या. त्यानंतर ऊर्मिलाने तेल, धूप, कापूर सगळंच आवरलं. तिची आई सांगलीला असते, स्नेहलताबाई. त्यांनी येणाऱ्या कुणाच्या तरी हाती विजेची समई पाठवली, पाच ज्योतींची, प्लास्टिकच्या. प्लग लावला की ज्योती थरथरतात. सकाळी सातला पूजा, संध्याकाळी सातला दिवा, ना धूर ना बंब. शेजाऱ्यांशी वाद नको, म्हणून देवांनीही ते चालवून घेतलं.

त्याच सुमारास पाटसकरांच्या रेडिओत खरखर सुरू झाली.

साधीसुधी नव्हे. वाळूवर पत्रा ओढावा तशी, आणि नेमकी त्या फ्रीक्वेन्सीवर, जिथे ऑस्कर सातची शीळ ऐकू यायची. सकाळी यायची, संध्याकाळी यायची, मधल्या वेळात गायब. आणि पुणं गाठायचं तर उपग्रहाची सोयीची फेरी बहुधा संध्याकाळचीच. तिकडे उत्कर्ष अंधारात घाटावर उभा राहून ठोके पाठवतोय आणि इकडे पाटसकरांच्या कानात वाळू, असं पुन्हा पुन्हा होऊ लागलं. उत्कर्षने मेसेज केला, ‘कुत्री मागे लागतात रे इथे. तू नक्की रेडिओ चालू करतोस ना?’ मित्रावर संशय घ्यायला तोही शिकला होता.

पाटसकरांनी पद्धतशीर काम सुरू केलं. खरखर का? कुठलं तरी विजेचं उपकरण लहरी ओकतंय म्हणून. ते उपकरण आत्ताच का ओकतंय? नवीन आलंय म्हणून. इमारतीत नवीन काय आलंय? त्यांनी बाल्कनीत जाऊन वर बघितलं. फ्राऊ बॉयर्ले यांच्या कठड्याला ऑक्टोबरपासून दोन काळे सोलर पॅनेल लटकत होते. आजकाल इथे ज्याला त्याला स्वतःची वीज काढायची हौस आहे. आणि सकाळ-संध्याकाळच का? पॅनेलला इन्व्हर्टर असतो, तो सूर्य उगवला की सुरू होतो आणि मावळला की बंद पडतो, तेव्हाच खरखरत असणार. सकाळ आणि संध्याकाळ. पाटसकरांच्या अंगावर काटा आला. सगळं जुळत होतं. तीन ‘का’ झाले होते आणि तिसऱ्याचं उत्तर फ्राऊ बॉयर्ले हे होतं. याच्या खाली उतरण्याची त्यांना गरज वाटली नाही.

डिसेंबरात त्सुफेनहाउझेनचा सूर्य आठनंतर उगवतो आणि साडेचारच्या सुमारास परत जातो. खरखर मात्र सातचे सातला. पाटसकरांनी हे पाहिलं नाही असं नाही. ‘म्हणजे बाईंनी बॅटरी बसवलीय,’ ते म्हणाले. ‘लपवून.’

‘बॅटरी लपवून त्या काय करणार?’ ऊर्मिलाने विचारलं.

‘तेच तर शोधायचंय.’

मग रविवारी सकाळी ते हातात धरायची छोटी अँटेना घेऊन इमारतीभोवती फिरू लागले. कुंपणाशी थांबायचे, अँटेना वर रोखायचे, कानातल्या हेडफोनवर हात दाबायचे, दोन पावलं सरकायचे. वरच्या खिडकीतला पडदाही दोन पावलं सरकायचा. आपण तिला बघतोय हे तिला कळलंय, हे पाटसकरांना कळलं होतं. त्यांनी काही झालंच नाही असं दाखवत दुसरीकडे बघितलं. काही आठवड्यांनी त्यांना वाटलं की खरखर किंचित कमी झालीय. हाही पुरावाच. सावध झाली, त्यांनी मनाशी म्हटलं.

घरात याची चर्चा व्हिडिओ कॉलवर सांगलीपर्यंत गेली. स्नेहलताबाई म्हणाल्या, ‘जावईबापू, त्या बाईंना एकदा हळदीकुंकवाला का नाही बोलवत? बायकांचं हळदीकुंकवात मिटतं.’

‘अहो आई, हा तांत्रिक प्रश्न आहे.’

‘तेच म्हणते मी.’

फेब्रुवारी आला. सभा एप्रिलमध्ये. फ्राऊ बॉयर्ले यांनी हात वर केला नाही तर काट्यांचा तो मासा छपरावरून खाली येणार आणि पुणं गाठायचं कायमचं राहून जाणार, हे स्पष्ट होतं. पाटसकरांनी हिशेब केला. पुरावा हातात असेल तर सभेत आपणच तक्रारदार, आणि तक्रारदाराची अँटेना उतरवायला कोण धजेल? जर्मनीत रेडिओलहरींवर नजर ठेवणारं एक सरकारी खातं आहे. खरखरीची तक्रार केली तर ते यंत्रांनी भरलेली गाडी घेऊन येतात, फुकट येतात, आणि गुन्हेगार शोधून देतात. पाटसकरांना या देशातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. त्यांनी तक्रार केली.

गाडी आली ती संध्याकाळी पावणेसातला. पाटसकरांनीच ती वेळ मागितली होती. गाडीतून एक उंच बाई आणि एक अबोल माणूस उतरले. बाईंनी विचारलं, ‘कुणावर संशय?’

पाटसकरांनी वर बोट दाखवलं. पडदा हलला.

बाईंनी गाडीतली यंत्रं बघितली, मग हातातलं यंत्र घेऊन इमारतीला वळसा घातला. सातला खरखर सुरू झाली. बाई वर बघण्याऐवजी समोर बघू लागल्या.

‘ही कधीपासून आहे?’

‘ऑक्टोबरच्या शेवटापासून.’

‘डिसेंबरातही सातलाच?’

‘हो. सकाळीही, संध्याकाळीही.’

‘हेर पाटसकर,’ त्या म्हणाल्या, ‘डिसेंबरात संध्याकाळी सातला कुठलं सोलर?’

‘बॅटरी असावी,’ पाटसकर म्हणाले. आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

‘आत येऊ का?’

त्या जिना चढून दुसऱ्या मजल्यावर आल्या, आणि वर न जाता पाटसकरांच्याच घरात शिरल्या. बूट काढून. पाटसकरांचं रेडिओ स्टेशन स्वयंपाकघराला लागून असलेल्या अडगळीच्या खोलीत आहे. छपरावरून येणारी अँटेनाची केबल भिंतीतून तिथे उतरते. भिंतीच्या दुसऱ्या बाजूला देव्हारा. बाई यंत्र पुढे धरून स्वयंपाकघरात गेल्या आणि देव्हाऱ्यासमोर उभ्या राहिल्या. यंत्र किंचाळत होतं. आत गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, आणि बाजूला पाच ज्योती थरथरत होत्या.

‘हा बंद करता येईल का?’

ऊर्मिला पुढे झाली. ‘पूजेतला दिवा मधेच बंद नाही करत आम्ही.’

‘एक मिनिटासाठी.’

ऊर्मिलाने देवाला नमस्कार केला आणि प्लग काढला. यंत्र गप झालं. अडगळीच्या खोलीतून, पाटसकर रेडिओ चालूच ठेवून आले होते, तिथून खूप महिन्यांनी स्वच्छ, नुसत्या आभाळाची सूं ऐकू आली.

अबोल माणूस पहिल्यांदा बोलला. ‘अडॅप्टर स्वस्तातला आहे,’ तो म्हणाला.

गाडी गेली, पाटसकरांनी दार लावलं. मग ऊर्मिला म्हणाली, ‘म्हणजे अख्खी थंडी तू त्या बाईच्या खिडकीवर काटा रोखून फिरलास, आणि दोष आपल्या गणपतीच्या शेजारी.’

‘प्रक्रियेत चूक झाली.’

‘तिसऱ्या का-शी थांबतो तो काय असतो रे? सांगतोस ना तू सगळ्यांना?’

अवनी दारात उभी होती. ‘आळशी,’ ती चक्क मराठीत म्हणाली.

खरखरीचं मिटलं, पण सभेचं राहिलं. पाटसकरांच्या हातात पुरावा होता तो स्वतःविरुद्ध. आणि फ्राऊ बॉयर्ले यांनी गाडी पाहिली होती. ऊर्मिलाने सल्ला दिला, ‘विचारलंच कुणी तर रूटीन तपासणी म्हण. खोटं थोडंच आहे? तपासणी झालीच.’ पाटसकरांना ते पटलं. आरशासमोर उभं राहून ‘रूटीन’ हा शब्द त्यांनी जर्मनमध्ये दोनतीनदा म्हणून पाहिला.

सभा एका स्पोर्ट्स क्लबच्या उपाहारगृहात, मागच्या खोलीत होती. इमारतीची व्यवस्था बघणाऱ्या कंपनीचे हेर क्लिंक लॅपटॉपवर इतिवृत्त लिहायला बसले होते. गटार झालं, सायकलींची जागा झाली, आणि अँटेनाचा विषय आला.

‘मला प्रश्न आहे,’ फ्राऊ बॉयर्ले म्हणाल्या. ‘ती सरकारी गाडी का आली होती?’

सगळे पाटसकरांकडे बघू लागले. पाटसकर उभे राहिले. रूटीन हा शब्द जिभेवर तयार होता. पण त्यांच्यासमोर जी बाई बसली होती ती जन्मभर माणसांच्या माना बघत आली होती, आणि शिवाय, सदोष भाग पुढे ढकलायची सवय त्यांच्या हाताला नव्हती.

‘माझ्या रेडिओत खरखर होती म्हणून,’ ते म्हणाले. ‘मला वाटलं ती तुमच्या सोलरमुळे आहे. मी तक्रार केली. ती तुमच्यामुळे नव्हती. चूक माझी. क्षमा करा.’

खोलीत कुणी तरी काटा ताटलीत ठेवला. फ्राऊ बॉयर्ले लाल झाल्या.

‘माझं सोलर?’ त्या म्हणाल्या. ‘माझं सोलर डिसेंबरपासून बंद आहे!’

‘बंद?’

‘तुम्ही तो काटा घेऊन कुंपणाशी फिरायला लागलात त्या दिवशी मी प्लग काढला. मला वाटलं सरकारने तुम्हाला नेमलंय. त्याची नोंदणी करायची असते, ती माझी राहिली होती. मग ती गाडीच आली! अख्खी थंडी मी अंधारात पॅनेल बाळगून बसले, हेर पाटसकर!’

पाटसकरांना ती ‘किंचित कमी झालेली’ खरखर आठवली. ती त्यांनी एका न चालणाऱ्या यंत्रात ऐकली होती. ते खाली बसले.

पण तिकीट तपासनिसाचं समाधान झालं नव्हतं. ‘मग खरखर का होती?’

‘आमच्या देवाच्या दिव्यामुळे. विजेचा दिवा आहे.’

‘देवाला विजेचा दिवा का?’

पाटसकरांनी मान वर केली. हा क्रम त्यांना ओळखीचा वाटू लागला होता. ‘तेलाचा लावणं बंद केलं म्हणून.’

‘बंद का केलं?’

‘दिवाळीत बंब आला होता म्हणून.’

‘आल्झो, मग बंब का आला?’ फ्राऊ बॉयर्ले यांनी विचारलं, आणि विचारताविचारताच त्यांचा आवाज उतरला.

जन्मभर पाटसकर लोकांना सांगत आले होते की पाचव्या ‘का’च्या तळाशी खरं कारण सापडतं. ते आज सापडलं होतं आणि समोरच्या खुर्चीत बसलं होतं. तिसऱ्या ‘का’ला त्यांनी ज्याचं नाव घेतलं होतं, तेच.

‘तुम्ही फोन केलात म्हणून,’ ते म्हणाले.

हेर क्लिंक टाइप करत होते. ‘म्हणजे खरखरीचं कारण... फ्राऊ बॉयर्ले,’ ते पुटपुटले.

‘हे लिहू नका,’ फ्राऊ बॉयर्ले म्हणाल्या.

‘चर्चेत आलं ते लिहावं लागतं.’

‘मी कारण म्हणून इतिवृत्तात जाणार नाही. बेचाळीस वर्षं त्या इमारतीत राहतेय, मी कशाचंही कारण झालेले नाही.’ त्या पाटसकरांकडे वळल्या. ‘तुम्ही तेलाचा दिवा पुन्हा लावा. मग विजेचा नाही, खरखर नाही, कारणही नाही. पहिल्या दिवशी मी येऊन बघेन. आणि छपराकडे जाणारा वरचा जिना यापुढे तुम्हीच पुसायचा, दर आठवड्याला. पाटी नसली तरी.’

‘आणि अँटेना?’ हेर क्लिंक यांनी विचारलं.

फ्राऊ बॉयर्ले यांनी हात वर केला, नोटीस लावावी तसा. त्यांचा हात वर गेल्यावर स्वतःचा खाली ठेवायची त्या इमारतीत कुणाची छाती नाही. ठराव एकमताने झाला.

दिवा लावायचा तो पहिला दिवस पाटसकरांनीच ठरवला. उत्कर्षलाही कळवलं. सातच्या आधी घंटी वाजली. फ्राऊ बॉयर्ले दारात उभ्या होत्या, चांगला कोट घालून, बगलेत लाल रंगाचं छोटं अग्निशामक. ऊर्मिलाने त्यांना देव्हाऱ्यासमोर खुर्ची दिली. त्या बसल्या आणि अग्निशामक मांडीवर घेतलं. ऊर्मिलाने पितळी समईत तेल घातलं, वाती सारख्या केल्या, काडी ओढली. फ्राऊ बॉयर्ले यांचा अंगठा कळीवर गेला. ज्योत स्थिर झाली. अंगठा कळीवरच राहिला.

छपरावर मोटरने घुर्र केलं. अडगळीच्या खोलीत पाटसकरांनी हेडफोन बाजूला ठेवून स्पीकर चालू केला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. पूर्वेच्या क्षितिजावरून म्हातारा उपग्रह डोकं वर काढत होता. आधी नुसती सूं. मग त्या सूंच्या तळातून, अगदी बारीक, वाकडी होत जाणारी एक शीळ, पीप-पीप तुटत. पाटसकरांनी बोटाने उत्तर ठोकलं. शीळ थांबली. पुन्हा आली. त्यांनी पुन्हा ठोकलं. मग ती सूंमध्ये बुडाली आणि परत वर आली नाही.

पाटसकरांनी चष्मा पुसला.

‘काय म्हणाला तो?’ फ्राऊ बॉयर्ले यांनी खुर्चीतून विचारलं.

‘माझं ऐकू येतंय म्हणाला.’

‘आणि तुम्ही?’

‘मी म्हटलं, तुझंही येतंय.’

‘आणखी?’

‘आणखी काही नाही.’

‘पुण्याहून. उपग्रहावरून.’ त्यांनी मांडीवरचं अग्निशामक सावरलं. ‘आणि एवढंच?’

‘हो. एवढंच.’

फ्राऊ बॉयर्ले यांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. चेहऱ्याकडे नव्हे, ते पाठमोरे झाल्यावर मानेकडे. ऊर्मिलाने दिलेला लाडू त्यांनी कागदात बांधून घेतला आणि जाताना दारात हळूच म्हणाल्या, ‘तुमचा नवरा सगळं सांगत नाहीये.’ तेव्हापासून त्या अधूनमधून दिवा बघायला म्हणून खाली येतात. येतात त्या नेमक्या उपग्रहाच्या वेळेला.

त्या संध्याकाळी टेबलावरचा फोन लगेच वाजला होता. उत्कर्षचा मेसेज. ‘आला का रे? तो नक्की तूच होतास ना? मधे कुणी दुसराच घुसला नव्हता?’

पाटसकरांनी रेकॉर्डिंग पहिल्यापासून ऐकलं. एका ठोक्याशी थांबले, मागे नेलं, पुन्हा ऐकलं. देव्हाऱ्यातली समई शांत जळत होती. मग त्यांनी उत्तर लिहिलं.

‘मीच होतो. तिकडे तूच होतास ना, ते बघ.’